कडी कासार आंबोलीची

२०१८ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या साली माझ्या धाकट्या बहिणीच्या तेराव्याला माझ्या दाजींनी पाण्याच्या गडूच्या तोंडाला व्हर्नियर लावला.

व्हर्नियर म्हणजे केसाएवढं माप घ्यायचं पोलादी हत्यार. ते माझंच. मी टर्नर माणूस, तेराव्यालासुद्धा ते माझ्या सदऱ्याच्या खिशात असतं. दाजी माझ्या शेजारी पाटावर बसले होते. गुरुजींचं चाललेलं होतं, बायका मुसमुसत होत्या, आणि दाजींनी हळूच माझ्या खिशात हात घातला, व्हर्नियर काढला, गडू जवळ ओढला नि त्याच्या तोंडाचं माप घेतलं.

"बेचाळीस न्हाई," दाजी म्हणाले. "चव्वेचाळीस भरतंय. पण मधी काय तरी घातलं तर बसंल."

गुरुजी थांबले. मुसमुसणं थांबलं. आमची एक चुलती पदरात तोंड घालून हसली की रडली ते आजपर्यंत कळलेलं नाही. मला मात्र असा राग आला की मी तो व्हर्नियर त्यांच्या हातातनं हिसकून घेतला. बायको जाऊन तेरा दिवस झाले नि हा माणूस गडूचं तोंड मोजतोय.

त्याच दिवशी आम्ही रिवाजाप्रमाणे दाजींना टॉवेल-टोपी केली. टोपी सैल झाली. दाजींनी तिथंच वर्तमानपत्राची घडी करून टोपीत सारली, डोक्यावर घातली, मान दोन्हीकडे हलवून बघितली. "बसली," म्हणाले.

आता मी कोण ते सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलो. पण पिरंगुटच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवला, आणि सुटल्यावर कासार आंबोलीत आमच्या जुन्या गोठ्यात स्वतःचा लेथ बसवला. वीकेंडच्या बंगलेवाल्यांच्या पाण्याच्या मोटारी, फाटकाच्या बिजागऱ्या, सगळं माझ्याकडे येतं. माझं माप चुकलं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. एकानं म्हटलं होतं. त्याचंच हे लिहितोय.

दाजींचं नाव यशवंत. भूगावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता, नाव 'हौसा फोटो स्टुडिओ'. लोकांना वाटायचं हौस म्हणून नाव ठेवलंय. हौसा म्हणजे माझी बहीण. मुळशी तालुक्यातली निम्मी लग्नं त्या दोघांनी काढली. दाजी फोटो काढायचे नि हौसा बत्ती धरायची. आणि कॅमेऱ्याची एक लांबुळकी लेन्स होती, परदेशातनं कुणाच्या तरी हातनं आलेली, तिला दाजी 'थोरली' म्हणत. ती थोरली धूळ लागू नये म्हणून हौसा पदरात गुंडाळून पोटाशी धरून मांडवभर फिरायची. नवीन लोकांना वाटायचं बाईच्या कडेवर तान्हं मूल आहे. एका लग्नात नवरीच्या आजीनं तिला बाजूला बसवून वाटीभर दूध दिलं होतं.

मला दाजी पहिल्यापासून पटले नाहीत. मला जोडीची वस्तू लागते. ज्या नटाला जो बोल्ट, तोच. दाजींच्या घरात मात्र एक झाकण आपल्या भांड्यावर नसायचं. कुकर एका कंपनीचा, झाकण दुसऱ्या कंपनीचं, मध्ये सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती. खोबरेल तेलाच्या बाटलीला खोकल्याच्या औषधाचं बूच. छत्रीला वरणाच्या डावाचा दांडा. चष्म्याची एक काडी त्यांची, दुसरी हौसाच्या मोडक्या चष्म्याची, ती सोनेरी. आकडेसुद्धा जोडीचे लिहायचे नाहीत. फोन नंबर लिहून दिला तर चार आकडे इंग्रजी, मधले दोन मराठी, पुन्हा इंग्रजी. विचारलं तर म्हणायचे, "हाताला जो आदी घावंल तो."

आणि तोंडात सदा दोन वाक्यं. एक, "बसतंय, बसतंय." दुसरं, "मधी काय तरी घालाय लागतंय, येवढंच."

लग्नात घरच्यांचा फोटो काढताना चाळीस माणसं एका चौकटीत कोंबायची तरी "बसतंय, बसतंय." एकदा पौडाकडच्या एका लग्नात दोन सख्खे भाऊ एकमेकांशेजारी उभे राहीनात. बांधावरनं भांडण. दाजींनी कॅमेरा ठेवला, मांडवातली सगळ्यात लठ्ठ आत्या शोधून आणली आणि दोघांच्या मधोमध उभी केली. "आत्या, आता दोगांच्या खांद्यावर हात टाका. जोरात." तो फोटो त्या घरात अजून भिंतीवर आहे. आत्या गेली, भाऊ बोलत नाहीत, पण फोटोत बसलेत.

तेरावं झाल्यावर त्यांची मुलगी शैला बंगळुरूला परत जायला निघाली. बाप एकटा राहणार म्हणून तिनं त्यांना नवा कॅमेरा घेऊन दिला. त्याला मिररलेस म्हणतात. दाजींनी मला तो समजावून सांगितला.

"ह्यात आरसा न्हाई, पाव्हणं."

"मग भांग कसा पाडायचा?"

"तसला आरसा न्हवं वो. जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा आसायचा. आता काडून टाकला. त्यामुळं कॅमेऱ्याचं पोट खपाटीला गेलंय."

शैलानं त्याबरोबर त्याची स्वतःची नवीकोरी लेन्स दिली होती. दाजींनी ती त्याच दिवशी काढली आणि बुरशी धरू नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरली. आमच्या मुळशीच्या पावसात भिंगाला बुरशी येते हे खरं आहे, पण डब्यावर लिहून तरी ठेवावं. दिवाळीला शैला आली, भातासाठी तांदूळ काढायला गेली, तर वाटीत लेन्स.

तर महिन्याभरानं, एका बुधवारी, दाजी बसनं कासार आंबोलीला माझ्या शेडवर आले. पिशवीतनं थोरली काढून त्यांनी माझ्या लेथवर ठेवली. शेजारी नवा कॅमेरा.

"ही ह्याच्यावर बसवायचीय."

"कंपनी येक न्हाई, गाव येक न्हाई. कशी बसंल?"

"मधी कडी घालायची. बगा, ही लेन्स जुन्या घरात पडद्यापासनं येवढ्या लांब बसायची. आता घर आखूड झालं. मग ती जवळ आली. जवळ आली की तिला नीट दिसंना. तर मधी कडी घालून जुनं अंतर भरून काडायचं. लेन्सला वाटलं पायजे की आपुन जुन्याच घरात हाय."

कडीच्या एका अंगाला बेचाळीस मिलीमीटरचे आटे, ते लेन्ससाठी. म्हणूनच हा माणूस तेराव्याला गडूत बेचाळीस शोधत होता. दुसऱ्या अंगाला तीन कान, ते कॅमेऱ्यात फिरवून अडकवायचे. आणि दोन्हींच्या मध्ये जाडी. जाडी किती ती दाजींनी एका चिठ्ठीवर लिहून दिली. मी ती ग्रीसचं बोट लावून लेथच्या वर भिंतीला चिकटवली.

"पण थोरलीच कशाला?" मी विचारलं. "पोरीनं नवी लेन्स दिलीय की."

दाजींनी शेडच्या दारातनं बाहेर बोट केलं.

माझ्या शेडसमोर ओढा आहे. ओढ्यापलीकडे उतार. त्या उतारावर एक पांगारा होता. हौसा सात-आठ वर्षांची असताना तिनं शेळी बांधायला पांगाऱ्याचा एक ओला खुंट ठोकला होता. शेळी गेली, दावं गेलं, खुंटाला पालवी फुटली. माघ-फाल्गुनात पान एक नसायचं, नुसता लालबुंद. आम्ही त्याला हौसाचा खुंट म्हणायचो.

तो उतार मी बिल्डरला दिला होता. हौसाची सही लागत होती, बहिणीचा हक्क असतो. दाजी तिला स्वतः पौडाला घेऊन आले आणि तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. काही मागितलं नाही. कचेरीच्या पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाली, "दादा, माजा खुंट तेवढा ऱ्हाऊ दे म्हनावं त्यास्नी." मी बिल्डरला म्हटलं. तो हो म्हणाला. आणि उताराभोवती पत्रे मारले.

"ह्या लेन्सनं तिनं चाळीस वर्सं दुसऱ्यांची लग्नं सांबाळली," दाजी म्हणाले. "तिचं झाड तिच्या लेन्सनं काडायचंय. फुलल्यावर. आत सोडत न्हाईत, मी जाऊन आलो. तो वाचमन म्हनतो, अंदर जाना मना है बाबा. पन तुमच्या दारातनं सरळ दिसतंय. त्ये खोदायचं मशीन तितं पोचायच्या आत येक फोटो. बास."

मी कडी केली. अल्युमिनियमची, आठ दिवस लागले. कान कानशीनं घासून घासून बसवले. कॅमेऱ्याला लावून फिरवली तर 'टक्' असा आवाज आला. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

कडी घेऊन ते घरी गेले आणि पुढच्या बुधवारी परत आले. शेडमध्ये दोन बंगलेवाले आपल्या मोटारीचा बुश घ्यायला बसले होते. दाजी दारात उभे राहिले, पांगाऱ्यावर कॅमेरा धरला आणि थोरलीचं कडं फिरवत फिरवत शेवटाला नेलं. त्या कड्यावर शेवटाला आडवा आठ कोरलेला असतो. तिथं नेलं की लांबचं सगळं, चांदण्यापर्यंतचं, स्वच्छ दिसायला पाहिजे.

"पाव्हणं, आडव्या आठावर नेलं तरी झाड धुरकाटच हाय. कडी येखांद्या कागदानं जाड झाली का काय?"

"माजं माप चुकत न्हाई. तुमी लिवून दिलं तेवडंच केलंय. भिंग म्हातारं झालंय तुमचं."

"भिंग बरं हाय वो. जवळचं लख्ख दिसतंय. ओढ्यापतुर समदं दिसतंय. त्याच्या म्होरंच दिसंना. भोक ल्हान-मोठं करायच्या आतल्या पाकळ्या बी तेल धरून उगड्याच अडाकल्यात, न्हाय तर बारीक भोकातनं काडला आसता."

"मग डोळं गेलं आसतील."

"येकदा मोजून तरी बगता का?"

बंगलेवाले माझ्याकडे बघायला लागले. तीस वर्षांत मला कुणी 'मोजून बघ' म्हटलं नव्हतं.

"लांबचं तुमाला कवा दिसलं, दाजी?" मी म्हणालो. "दिसलं आसतं तर हौसाचं दुखनं तीन म्हयनं आदीच दिसलं आसतं."

दाजींनी कॅमेरा खाली घेतला. त्यांनी थोरलीला टोपण लावलं. टोपण कुठल्या तरी लोणच्याच्या बरणीचं, ते दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा "बसतंय, बसतंय," म्हणत बसवलं आणि चहा न घेता बसस्टॉपकडे गेले.

हौसानं दुखणं सगळ्यांपासून लपवलं होतं. मी दर पंधरा दिवसांनी तिच्या घरी जात होतो. मलाही दिसलं नव्हतं. हे मला ते बोलताना माहीत होतं.

मला वाटलं, आता हा माणूस माझ्या दारात येत नाही. आमच्या दोघांत जे काय होतं ते हौसामुळं होतं. ती गेली, आता कशाला येईल. पण पुढच्या बुधवारी अकराच्या बसनं दाजी हजर. हातात कुकरची मूठ.

"पाव्हणं, ही जरा आट्यातनं सुटतीया."

तिथनं जे बुधवार सुरू झाले ते साडेपाच वर्षं. कधी मूठ, कधी बिजागरी, कधी दुसऱ्या एखाद्या जुन्या लेन्सची कडी. "मागच्याच मापाची करा," असं ते स्वतःच म्हणायचे. काम पाच मिनिटांचं, पण जेवून, वामकुक्षी करून, चारच्या चहानंतर उठायचे. आमची कारभारीण बुधवारी दोन भाकरी जास्त टाकायला लागली. मी म्हणायचो, "ह्यास्नी घरात काम न्हाई का?" ती म्हणायची, "घरात कोन हाय?" लॉकडाऊनमध्ये बस बंद झाली तर बुधवारी बरोब्बर अकराला फोन यायचा. "काय, बसतंय का?" मी म्हणायचो, "काय बसतंय?" ते म्हणायचे, "न्हाई, आसंच." आणि फोन ठेवून द्यायचे.

त्या कडीबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. फोटो काढत राहिले, पण सगळे जवळचे. लेथवर सोलून निघालेल्या अल्युमिनियमच्या कुरळ्या पट्ट्या. शेळीचा डोळा. भाकरीवरचा पापुद्रा. माझे हात. मी मुद्दाम चिडवायचो, "दाजी, यवडी मोठी तोफ गळ्यात घालून भाकरीचा फोटो? डोंगर काडा की."

"डोंगर कुटं पळतुया?" म्हणायचे.

लवळ्याच्या टेकडीवरच्या कॉलेजची पोरं पोरी फोटो काढत आमच्या ओढ्याला यायची. त्यांच्या गळ्यात महागडे कॅमेरे. दाजींचा कॅमेरा बघून ती थबकायची. एकानं विचारलं, "अंकल, ये कौनसी कंपनी का है?"

दाजी ताठ उभे राहिले. "बॉडी एक गाव की. लेन्स दुसरे गाव की. और बीच की कडी, कासार आंबोली की." मग माझ्याकडे हात करून, "हमारे मेहुणे ने बनाया. हात से."

पोरांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतले. मी छाती काढून उभा राहिलो. आता ते आठवलं की कसंतरी होतं.

दर माघात मात्र, पांगारा फुलला की, दाजी दारात त्याच जागी उभे राहायचे. थोरली लावायची, कडं शेवटाला न्यायचं. थोडा वेळ बघायचं. एखादा फोटो काढायचा आणि कॅमेरा खाली घ्यायचा. मी लेथवरनं बघत असायचो. त्यांनी माझ्याकडे वळून काही म्हणावं, मग आपण काही बोलावं, असं मनात यायचं. ते म्हणायचे, "च्या झाला का वैनी?"

२०२३ ची दिवाळी झाली आणि बुधवारीच मशीन आलं. दाजी दारात होते. बिल्डरचा शब्द कुठं गेला ते मला विचारू नका. मशीनला असलं झाड तोडायला किती वेळ लागतो? दाजींच्या हातात चहाचा ग्लास होता, तो निम्मा पिऊन झाला होता, तेवढ्यात पांगारा आडवा. फुलायला अजून अडीच महिने होते. उतार मीच दिलेला.

दाजींनी उरलेला चहा प्यायला. मग आत आले आणि म्हणाले, "पाव्हणं, हात दावा जरा. उजेड चांगला हाय." आणि त्यांनी माझ्या हाताचा फोटो काढला.

मला वाटलं, आता झाडही गेलं, आता येणार नाहीत. पुढच्या बुधवारी आले. छत्रीच्या डावाच्या दांड्याला आटे पाडून हवे होते.

माघात एका सकाळी ते उठलेच नाहीत. शेजाऱ्यांनी शैलाला फोन केला, तिनं मला.

मातीला मी परस्पर स्मशानातच गेलो होतो, तेराव्याला मात्र भूगावच्या घरी गेलो. हौसाच्या तेराव्यानंतर त्या घराची पायरी मी चढलो नव्हतो. दर बुधवारी तेच आले, मी एकदाही गेलो नाही. स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्या. गोधडीवर शैला आणि माझ्या मधे दाजींची पिशवी.

"मामा, कॅमेरा आणि ही लेन्स तुम्हाला द्यायची, असं बाबा कधीपासून सांगून ठेवायचे," शैला म्हणाली. "आतले फोटो बघा. बहुतेक तुम्हीच आहात त्यात."

तिनं बटणं दाबून दाखवलं. माझे हात. माझे हात. मी बाजेवर झोपलेला, तोंड उघडं. माझी कानस धरलेली बोटं. मी कुणावर तरी ओरडताना. प्रत्येक केस मोजता येईल असा. आणि मधे मधे, दर माघातला एक, पाच फोटो. त्यात काही नाही. नुसता मातकट धूर आणि धुरात एक लाल डाग.

"हे काय?"

"आईचं झाड. बाबांना ते कधी नीट आलंच नाही." मग तिनं पिशवीच्या तळातनं एक पुडकं काढलं. बुडबुड्याच्या प्लॅस्टिकमधलं, चिकटपट्टीसुद्धा न फोडलेलं. "मी त्यांना तयार कडी मागवून दिली होती, मामा. पहिल्याच वर्षी. म्हटलं, ही लावा, लांबचं स्पष्ट येईल. फोडलीच नाही."

मी ते पुडकं फोडलं. काळी, गुळगुळीत कडी. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. गुरुजी काहीतरी सांगत होते, माणसं बसली होती, आणि मी तेराव्याला व्हर्नियर काढला.

बाजारची कडी मोजली. जाडी सत्तावीस पॉइंट शेहेचाळीस मिलीमीटर. थोरलीवरची माझी कडी काढली, मोजली. सत्तावीस शहाऐंशी. पुन्हा मोजल्या. तेच.

"बाजारची चुकलीय," मी म्हणालो. "तुज्या बापानं मला शहाऐंशी लिवून दिलं हुतं."

शैलानं मान खाली घातली. "मामा, बाबांना माहीत होतं. मी भांडले होते त्यांच्याशी. म्हटलं, झाड पडायच्या आत एकदा तरी दुसरी लावून काढा. तर म्हणाले, मेव्हण्याच्या दारात उभं राहून दुसऱ्याची कडी लावायची, बरं दिसत नाही. म्हटलं, मग त्यांना सांगा तरी. म्हणाले, एकदा सांगितलं. त्याला लागलं. हौसाला चाललं नसतं."

मी दोन्ही कड्या एकमेकींशेजारी धरून बघितल्या. फरक किती? वहीच्या चार पानांएवढा.

संध्याकाळच्या बसनं घरी आलो. जेवण नको म्हटलं आणि शेडमध्ये जाऊन दिवा लावला. लेथच्या वर चिठ्ठी होती, ग्रीसनं पिवळी पडलेली. पाच-साडेपाच वर्षं मी रोज तिच्याखाली उभा राहिलो. चष्मा लावून नीट बघितली.

दोन इंग्रजी. सात इंग्रजी. मग टिंब. मग चार. मराठी चार. वरचं तोंड जरासं मिटलेलं. आणि सहा इंग्रजी.

27.४6

लेथवर आयुष्य काढलेला माणूस मी. सगळे आकडे इंग्रजी म्हणून वाचले आणि त्या चाराला आठ धरलं. दाजींचा हात ओळखत होतो, त्यांचा एकही आकडा जोडीचा नसतो हे मीच सगळ्यांना हसून सांगायचो. 'येकदा मोजून बगता का,' म्हणाले होते. मोजायचीही गरज नव्हती. नुसतं वर बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, मी कडी लेथच्या चकमध्ये, म्हणजे त्याच्या जबड्यात, धरली. एका वेळी एक पान, अशा हिशोबानं चार वेळा फेस मारली, म्हणजे तोंडाकडनं तासली. प्रत्येक वेळी लेथ थांबवून मोजलं. सत्तावीस शेहेचाळीस झाल्यावर फडक्यानं पुसली, थोरलीला लावली, थोरली कॅमेऱ्याला लावली. टक् असा आवाज आला. मग दारात, दाजी उभे राहायचे त्या जागेवर उभा राहिलो, बरणीचं टोपण काढलं आणि कडं फिरवत आडव्या आठावर नेलं.

पांगारा होता तिथं आता बिल्डरनं पत्र्याची शेड केली आहे. पत्र्याला सहा बोल्ट आहेत. एकाचा नट सैल आहे, तोही दिसला.

कारभारीण आतनं म्हणाली, "दिसतंय का?"

"समदं दिसतंय," मी म्हणालो.